मोठ्या टोपातली पेज

येसो, काल रविवारी आम्ही खेळलो. तुझं बारावं होऊन गेलं होतं, डाव पुढं ढकलायला काही कारण उरलं नव्हतं, आणि बाबल्याने फोनवर एवढंच विचारलं की चहा किती कप टाकू. मी सवयीने चार म्हटलं. तो म्हणाला, राहू दे चारच, चौथा मी पितो.

मयेला बाबल्याकडे पोचले तेव्हा तुझ्या खुर्चीवर बाबल्याचं मांजर झोपलं होतं. त्याला उठवायला कुणी गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. रिकाम्या खुर्चीकडे बघत बसण्यापेक्षा घोरणारं मांजर परवडलं. तूही जेवून आलेला असलास की दुपारच्या डावात असाच घोरायचास आणि तुझी पाळी आली की कोपराने ढोसावं लागायचं.

तुझ्या जाण्याविषयी मी इथं काही लिहिणार नाही. छातीत जळजळतंय म्हणालास, पित्त असेल म्हणालास, आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं आटोपलं. ते गावाला ठाऊक आहे. पेपरात फोटोही आला. त्यात तू फार गंभीर दिसतोस, कुणीतरी दुसराच मास्तर असल्यासारखा. मला बोलायचं आहे ते तुझ्या खेळातल्या झिलू घाड्याबद्दल. आपला वाद अर्धाच राहिला, आणि समोरचा माणूस गेला म्हणून वाद सोडून द्यावा इतकी मी मवाळ नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

बाराव्याला तुझ्या मेव्हण्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही पन्नाशीची माणसं दर रविवारी मयेला जमून करता तरी काय. मी त्याला समजावलं. चौघं मेजाभोवती बसतो. बाबलो सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली सोंगं घेतात. सगुण लढवय्या, मी कुलपं उघडणारी चोर, येसो मांत्रिक. काही करायचं म्हटलं की फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते आकड्यावर ठरतं. मेव्हण्याने विचार केला आणि म्हणाला, म्हणजे दशावतारच, फक्त बसून. इतकी नेमकी व्याख्या आपल्याला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

बाबल्याचा भाऊ बोटीवर होता, त्याने तो जाडजूड नियमांचा ग्रंथ आणि रंगीत फाशांची पिशवी आणली, तिथून हे सुरू झालं. बाबल्याच्या तळ्याकाठच्या खोल्यांना पाहुणे नसले की त्याला वेळच वेळ. सगुण दोडामार्गाकडचा, खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभा राहिला, आणि सगुण बाबल्याच्या छपराची कौलं परतायला आला तो खेळायला राहिला. मला तू ओढून आणलंस. कॉलेजात असताना मी पत्त्यांत कुणाला जिंकू देत नसे, ते तुझ्या लक्षात होतं. हिला आकडे आवडतात, ही येईल, असं तू बाबल्याला सांगितलंस. बरोबर सांगितलंस.

मी आकडेवाली खरीच. साखळीला औषधांचं दुकान चालवते, किती वजनाच्या माणसाला किती मात्रा आणि कशाबरोबर काय द्यायचं नाही, यातच माझा दिवस जातो. म्हणून तर तू मला डोसबाई म्हणायचास. माझी चोर मी तशीच बांधली. सगळे चांगले आकडे कुलपात घातले, बाकी कशात काही नाही. तिला धड पोहता येत नाही, कुणाशी बोलता येत नाही, पण कुलूप तिच्यापुढं टिकत नाही. खेळात असंच करायचं असतं. एक काम घ्यायचं आणि ते असं करायचं की दुसऱ्या कुणाला जमू नये.

आणि तू? प्रत्येक सोंगाला एक वर्ग असतो. लढवय्याचा वर्ग, चोराचा वर्ग, मांत्रिकांचे तर बरेच. खेळत गेलं की सोंग आपल्या वर्गात पायरी पायरीने वर चढतं. आणि कुणाला वाटलंच तर दोन वर्गांत पाय ठेवता येतो, त्याला ग्रंथात मल्टिक्लास म्हटलं आहे. हा शब्द बाबल्याने वाचला मात्र, तू टाळीच वाजवलीस. तुझी शाळा एकशिक्षकी. एक खोली, एक फळा, पहिली ते चौथी सगळे त्याच खोलीत, आणि सगळ्यांना मिळून तू. तू म्हणालास, हे ज्याने लिहिलं त्याने माझी शाळा बघितलेली असणार.

असा झिलू जन्माला आला. अर्धा पोथीवाला, म्हणजे ग्रंथ वाचून मंत्र पाठ केलेला. अर्धा घाडी, म्हणजे देवापुढं गाऱ्हाणं घालून देवाकडूनच ताकद मागून घेणारा. पोथीवाल्याला बुद्धी लागते, घाड्याला शहाणपण. तू दोन्हीत बेताचे आकडे घातलेस आणि सगळ्यात मोठा आकडा घातलास तो बोलण्यात, जो दोघांपैकी एकाच्याही उपयोगाचा नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की हा आकडा पाण्यात गेला.

तरी झिलू भलताच जोरात होता. पहिलं वर्षभर राक्षस आला रे आला की सगुणने कोयता उपसायच्या आत झिलूने त्याला भाजलेला असायचा आणि वर आमच्या जखमाही बांधून दिलेल्या असायच्या. मला ते पचेना. एका रविवारी मी पेन्सिल घेऊन तुझा कागद तपासायला बसले आणि घोळ सापडला. आम्ही सगळे वर चढताना एक पायरी घेत होतो. तू दर खेपेला दोन्ही वर्गांत एकेक घेत होतास. आणि सूत्रधार म्हणून बसलेल्या बाबल्याला ते बरोबरच वाटत होतं.

मला वाटलं तू लबाडी पकडली गेल्यासारखा हसशील. तू हसला नाहीस, तुला खरोखरच नवल वाटलं.

"अगो डोसबाई," तू म्हणालास, "माझ्या शाळेत एक मास्तर नि चार वर्ग. वर्स सरला की चारय वर्ग वर चढतत. एक चढलो नि एक रवलो, असां कधी झालां?"

सगुणला हसताना ठसका लागला. मी नियमाचं पान पुढं केलं. पायरी एक, ती कुठल्या तरी एकाच वर्गात. तू ते पान दोनदा वाचलंस, जसा तू वरून आलेला आदेश वाचत असशील तसा, आणि मग खोडरबर मागितलास. मला वाटलं आता तरी एक वर्ग सोडशील. तू म्हणालास, बरां, उतरतंय, पण दोघांकय घेवन उतरतंय. आणि दोन्हीकडच्या निम्म्या निम्म्या पायऱ्या खोडून टाकल्यास.

आपला वाद सुरू झाला तो त्या दिवशी. त्यात मी काय म्हणत होते ते पुन्हा एकदा नीट सांगते, कारण तू दर वेळी मध्येच चहा मागवायचास. मंत्र म्हणायला ताकद लागते. ती ताकद ज्यात साठवायची त्याला आपण टोप म्हणायचो. दोन मांत्रिकी वर्ग घेतले की टोपाचा आकार दोन्हीकडच्या पायऱ्या मिळून ठरतो, म्हणजे टोप चांगला मोठा मिळतो. पण मंत्र कुठला येतो, ते ज्या त्या वर्गातल्या पायरीवर. तिथं बेरीज नाही. म्हणून झिलूपाशी टोप समाराधनेचा आणि मंत्र सगळे लहान. एकाच वर्गात राहिला असता तर टोपही तेवढाच मिळाला असता आणि त्यात घालायला मोठे मंत्रही आले असते. यात मताचा प्रश्न नाही, हा हिशोब आहे. मी तुला म्हटलं, देवळातला टोप चुलीवर चढवतोस आणि त्यात मूठभर तांदूळ टाकतोस, याला काय अर्थ आहे?

"अगो, मोठ्या टोपात मूठभर तांदूळ घातलो तर पेज होता," तू म्हणालास. "पेज वायट काय गो? सगळ्यांक पुरता."

आणि उंडा पाव मोडून भाजीत बुडवलास.

पण खेळात तू म्हणायचास तसं थोडंफार व्हायचं, हे मी त्याच वेळी मान्य केलं होतं, तुझ्या तोंडावर. लहान मंत्र मोठ्या टोपात घातला की तो वाढतो. झिलूचा जखम भरायचा साधा मंत्र, पहिल्या पायरीचा, तो तू एवढ्या ताकदीने म्हणायचास की सगुणचा लढवय्या मरता मरता उठून बसायचा. मोठ्या मंत्राइतकं नाही व्हायचं. पण व्हायचं.

शिवाय तुझं गाऱ्हाणं असायचं. आमच्यातल्या दुसऱ्या कुणी मंत्र म्हणायचा असता तर नुसतं नाव सांगून फासा टाकला असता. तू उभा राहायचास, हात जोडायचास, आणि बा देवा म्हाराजा करून राक्षसाची सगळी कुळकथा देवाच्या कानावर घालायचास. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणायचं, ही तुझी अट. नाही म्हटलं तर मंत्र लागत नाही. सगुण म्हणायचा. बाबलो तर स्वतःच्याच राक्षसाच्या विरुद्ध भक्तिभावाने म्हणायचा. मी म्हणायची नाही. ग्रंथात तसा नियम नाही. मी म्हणायची, नियम दाखव. तू म्हणायचास, दाखयतंय, आदी म्हण. हे इतकी वर्षं चाललं, आणि तुझे मंत्र माझ्याशिवाय लागतच होते, त्यामुळं मला बदलायचं काही कारण दिसलं नाही.

एकदा मात्र तुझं गाऱ्हाणं खेळाबाहेर ऐकलं. माझी आई आजारात हट्टी झाली होती, गोळी म्हटली की तोंड घट्ट मिटायची. औषधाच्या दुकानदाराची आई, आणि घरात गोळ्यांची भांडणं. तू सहज भेटायला आलास, पाच मिनिटं बघितलंस, आणि तिच्या खाटेपाशी उभा राहून सुरू झालास. बा देवा म्हाराजा, ही पांढरी गोळी डोंगर चढान इली हा, हिका पदरात घी रे म्हाराजा. आई कित्येक दिवसांत धड बोलली नव्हती. ती म्हणाली, होय म्हाराजा, आणि त्यासाठी तोंड उघडलं तेवढ्यात तू गोळी आत टाकलीस. मग पिवळीचं गाऱ्हाणं झालं. मग तांबडीचं. पुढं आई असेपर्यंत तू शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून यायचास, आणि तुझ्या शाळेचं इब्रामपूर काही साखळीच्या शेजारी नाही. मी तुझे आभार मानले नाहीत. मानले असते तर तू ते वर्षभर सगळ्यांना सांगून माझी चेष्टा केली असतीस. आता मानते, करून घे काय करायची ती चेष्टा.

एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी तुला म्हणायची ते नुसतं झिलूबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. शाळा होतीच. शाळेबाहेर काजूची बाग, भजनाला पेटी, दशावतारी कंपनीचा पेटीवाला आजारी पडला की त्याच्या जागी तू, लग्नघरात आचाऱ्याच्या हाताखाली तू, कुणाचा पंप बिघडला की तूच. पेटी नीट गुरूकडे शिकला असतास तर कुठल्या कुठं गेला असतास. पणजीला कचेरीत घेत होते तेव्हा गेला नाहीस. माझा तुझ्यावर राग होता तो हाच, की एवढा ऐवज आणि सगळीकडे चिमूट चिमूट. मी ते तुला अनेकदा सुनावलं. तू चिडला नाहीस. एकदाच म्हणालास की पहिलीतली पोरं कोपऱ्यात बसून चौथीचे पाढे ऐकतात आणि कुणी न शिकवता म्हणायला लागतात, ते एका वर्गाच्या मास्तरला कधी बघायला मिळत नाही. ते सांगताना तू इतका खूश होतास की मी विषय बदलला.

शेवटच्या रविवारी सगळ्यांना एकेक पायरी मिळाली. गोष्टही शेवटाला आली होती. बाबल्याच्या असुराने एक अख्खी नदी दरवाजाआड कोंडून कुलूप घातलं होतं, आणि इतक्या वर्षांनी आपण त्या दरवाजापर्यंत पोचलो होतो. तुझ्या पायरीवर सगळ्यांचं लक्ष होतं, कारण दोन्ही वर्गांत तू मोठ्या मंत्राच्या उंबऱ्यावर येऊन थांबला होतास. पोथीवाल्यात टाकलीस तर आगीचा लोळ मिळणार. घाड्यात टाकलीस तर मेलेल्याला उठवायचा मंत्र. मी म्हटलं, आग घे, निदान आता तरी एका बाजूला हो. तू मिशीत हसलास. पुढल्या आयतवारा सांगतंय, म्हणालास, आणि स्कूटर काढलीस.

म्हणून मग बाराव्याचं जेवण झाल्यावर आम्ही तिघं तुझ्या फणसाखाली बसलो ते या एकाच गोष्टीवर. झिलूला वाऱ्यावर सोडून दरवाजा उघडायचा नाही, एवढं ठरलं होतं. पण त्याची पायरी कुठं टाकायची ते तुझ्या वतीने ठरवणार कोण? दोघंही माझ्याकडे बघायला लागले. नियम मलाच येतात. आणि येसो, मला चुकायचं नव्हतं. इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, तर तू काय केलं असतंस हे तरी मला सांगता आलं पाहिजे, नाहीतर त्या भांडणाचा उपयोग काय?

सगुण म्हणाला, मेल्ल्याक उठवची सोय आसा नाय? मग तांच घे. तो का म्हणाला ते कळत होतं. मी ग्रंथ बरोबर नेला होता, त्यातलं पान काढून वाचून दाखवलं. माणूस नुकताच, त्याच क्षणी गेलेला असेल तरच तो मंत्र लागतो. नंतर नाही. बाबल्याने ग्रंथ माझ्या हातातून काढून घेतला आणि मिटून ठेवला. तुझ्याविना आम्हाला फार एकटं वाटलं त्या वेळी, तुझ्याच अंगणात.

मग आगच राहिली. म्हणजे माझीच बाजू. तू नसताना वाद जिंकण्यात मला काडीचा आनंद नव्हता, पण दुसरं काही सुचेना. तेवढ्यात सुनीतावहिनी सोलकढीचे पेले घेऊन आली. आम्ही काय घोळ घालतोय ते तिने ऐकलं होतं. पेले वाटून झाल्यावर ती पायरीवर टेकली.

"तुमी दोघांतलो एक कित्याक निवडतास?" ती म्हणाली. "ते तिसरो वर्ग काढूचो म्हणत होते. माका म्हणाले, आता झिलूक कीर्तनकार करतलंय. माधवीक सांगू नको, ती फासो फेकून मारतली."

येसो, मी तुझ्या बाराव्याला हसले. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुझ्या मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं, दोन म्हाताऱ्या उठून आत गेल्या. वहिनीही हसत होती आणि रडतही होती. तिसरा वर्ग! मोठ्या मंत्राला एक पायरी उरलेली असताना, नदी कुलपात असताना, या माणसाला पहिलीत नाव घालायचं होतं. याहून वाईट निवड करायची म्हटली असती तर मला एवढ्या वर्षांच्या अभ्यासानेही सुचली नसती. आणि ती तुझीच होती, यात मला तिळमात्र शंका आली नाही.

तरी दुकानात बसून नियम बघितलाच. नव्या वर्गात जायला त्या वर्गाचा गुण अंगात असावा लागतो, आणि कीर्तनकाराला लागतो तो बोलण्याचा. मी तुझा कागद काढला. पहिल्या दिवशी तू पाण्यात घातलेला तो आकडा तिथं होता, हवा त्याहून चांगला. तू तो मुद्दाम राखून ठेवला होतास, की तुला नुसतं बोलायला आवडतं म्हणून घातला होतास, हे मला तुला विचारायचं होतं. आता राहिलं. तू दोन्हीला हो म्हटलं असतंस.

कीर्तनकाराच्या पहिल्या पायरीला मिळतं काय म्हणशील, तर आग नाही, कुणाला उठवणं नाही. मिळतो एक सहा बाजूंचा लहान फासा, आणि तोही स्वतःला वापरता येत नाही. तो दुसऱ्याला द्यायचा. त्याचं काही अडलं, आकडा कमी पडला, तर त्याने हा फासा टाकून त्यात भर घालायची. मी ते पान वाचलं, दोन गिऱ्हाइकांना खोकल्याचं औषध दिलं, आणि परत वाचलं. मग पेनने, पेन्सिलीने नव्हे, झिलूच्या कागदावर तिसरा वर्ग लिहिला.

तर काल. दरवाजापाशी पोचेपर्यंत झिलूचे फासे आम्ही पाळीपाळीने टाकले, जमेल तसे. मग दरवाजा आला. कुलूप माझं. बाबल्याने कुलपाचा आकडा सांगितला, तो काही अवघड नव्हता. माझ्या चोराचं सगळं आयुष्यच त्या कुलपासाठी बांधलेलं. अगदीच दळभद्री फासा पडला तरच मी हुकणार होते, आणि येसो, तो तसाच पडला. मी बेरीज केली. पुन्हा केली. एक कमी.

बाबल्याचा चेहरा उतरला. सूत्रधाराने चेहरा दाखवायचा नसतो, पण त्याला कधी ते जमलंच नाही. मी फासा उचलून मुठीत धरून बसले. सगळं एका कामात घालून ठेवलेल्या माणसाचं तेच काम हुकलं की पुढं हातात काही नसतं, हे मला तेव्हा अंगावर आल्यासारखं कळलं. इतक्यात सगुण उठला. हा माणूस अख्ख्या डावात मी मारतंय एवढंच बोलतो. तो उठला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. "आमचो मास्तर आज हजर नाय, पण त्येचो वर्ग भरलो हा. ही साखळीची बाय कुलपापुढं बसली हा, तिचो आकडो कमी पडलो हा. मास्तरान तिच्यासाठी लहान फासो ठेवल्यान हा, तो तिका पावंदे रे म्हाराजा."

बाबलो होय म्हाराजा म्हणाला आणि दोघंही थांबले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. तळ्याकडून मुलांचा आवाज येत होता, मांजर तुझ्या खुर्चीत कूस बदलून झोपलं होतं. मी नियम दाखव म्हटलं नाही. मी होय म्हाराजा म्हटलं, मोठ्याने, आणि तुझ्या फाशांतला तो सहा बाजूंचा तांबडा फासा घेऊन टाकला. तो उंड्यांच्या ताटलीवर आपटला, बाबल्याच्या कपाला टेकला आणि थांबला.

बाबलो वाकून बघत राहिला. मग सरळ झाला, घसा साफ केला, आणि आपल्या सूत्रधाराच्या आवाजात सांगायला लागला की कुलूप कसं निखळून पडतं, आणि दरवाजाखालून पहिलं पाणी कसं येतं, बारीक, आधी नुसते पाय भिजतील एवढंच.

सहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेतीन असते, येसो. तू एक दिलास. पुरला.